युरोव्हिजनला देश आपलं गाणं कसं निवडतात? आणि आपल्या जिल्ह्याचं आपण कसं निवडायचं?

सड्यावरचा (कुडाळ)

मंडळी, नमस्कार.

दिवाळीनंतर मुंबईत एक आंतरजिल्हा गीतस्पर्धा होतेय. प्रत्येक जिल्ह्यातून एकच नवं गाणं घेणार आहेत. सिंधुदुर्गाचं गाणं ठरवायचं काम आमच्या काही मंडळांच्या समितीवर आलंय आणि मी त्या समितीत आहे. पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतात, तीन जाणकार बसवा आणि ते म्हणतील ते गाणं पाठवा. दुसरे म्हणतात, सगळी गाणी यूट्यूबवर टाका, ज्याला लाइक जास्त ते पाठवा. दोन्हीकडची माणसं कळकळीने बोलत होती. म्हणूनच हात वर करून घाईने ठराव करू नये असं मला वाटलं.

एका देशाने एकच गाणं पाठवायचं, हा पेच युरोपात १९५७ पासून दरवर्षी सोडवला जातो, युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेसाठी. युरोव्हिजन बघणारे इथे बरेच आहेत हे माहीत आहे. मीही गेली काही वर्षं नेमाने बघतो, आणि खरं सांगायचं तर मे महिन्यातल्या अंतिम फेरीपेक्षा आधी देशोदेशी चालणाऱ्या निवडीतच मला जास्त रस वाटतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाणं सरकार पाठवत नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे ईबीयू, ही प्रसारण संस्थांची संघटना आहे. तिची त्या त्या देशातली सभासद वाहिनी गाणं पाठवते. ब्रिटनची बीबीसी, इटलीची राय, स्वीडनची एसव्हीटी. ईबीयूचे नियम गाण्यापुरते आहेत: गाणं ३ मिनिटांहून लांब नको, मंचावर जास्तीत जास्त ६ माणसं, गायक १६ वर्षांचा तरी हवा, मुख्य गायन प्रत्यक्ष आणि वाद्यं मात्र आधी ध्वनिमुद्रित केलेली, शिवाय आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरआधी गाणं बाजारात आलेलं नको. मार्चमध्ये गाणी जमा करायची. ते गाणं तुम्ही घरात कसं निवडलंत, यात ईबीयू पडत नाही.

त्यामुळे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. काही देशांत वाहिनीच बंद दाराआड कलाकार ठरवते. काही देशांत जाहीर स्पर्धा होते, आणि तिथेही कुठे फक्त प्रेक्षक, कुठे फक्त ज्युरी, कुठे दोन्ही. इटलीचा सानरेमो महोत्सव तर युरोव्हिजनहून जुना, १९५१ चा. युरोव्हिजनची कल्पनाच त्याच्यावरून सुचली.

मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. युरोव्हिजनमध्ये गुण ज्युरी आणि प्रेक्षक दोघेही देतात, पण कोणालाही स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. म्हणजे घरच्यांनी निवडायचं, पण जिंकवायचं परक्यांनी. मुंबईतही परीक्षक सिंधुदुर्गाबाहेरचेच असणार. मग निवडताना आपल्याला काय आवडतं ते बघायचं, की त्यांना काय भिडेल ते? तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा. पुढच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवणार आहे.

बांगडो_तिखलो (देवगड)

दादानू, विषय बरो काढलात. माझा मत सरळ आसा. गाणा लोकांसाठी, तर निवडूचा पण लोकांनीच. डबलबारीत काय होता? दोन बुवा समोरासमोर बसतत, रातभर गजर-गवळणी होतत, एकमेकांका सवाल घालतत, आणि पाटे उठताना कोण भारी झालो तां सगळ्या गावाक म्हायत असता. थय कोण कागद घेवन गुण मांडूक बसणा नाय.

तीन जाणकार म्हणजे कोण? कोणाचो तरी मावसभाव नायतर कोणाचो तरी शिष्य. आमच्या हयसर एका स्पर्धेत निकाल लागल्यार परीक्षकांनी नियम सांगितल्यानी. त्या दिसापासून माझो जाणकारांवरचो इश्वास गेलो तो गेलो.

पारिजात (रत्नागिरी)

तिखलो दादा, लोकांचं मत मोठं असावं हे मान्य. फिनलंडमध्ये यूएमके नावाची निवडस्पर्धा होते. तिथे २०२३ ला ७५ टक्के वजन प्रेक्षकांच्या मताला आणि २५ टक्के परदेशी ज्युरीला होतं. त्यातून कारिया हा रॅपर निवडला गेला. गाणं अख्खं फिनिश भाषेत. लिव्हरपूलला झालेल्या युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत प्रेक्षकांचे सगळ्यात जास्त, ३७६ गुण त्याला मिळाले. ज्युरींनी लोरीनला उचलून धरलं म्हणून स्वीडन जिंकलं आणि फिनलंड दुसरं आलं.

पण "लोकांचं मत" म्हणताना ते मोजतात कसं, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्पेनमध्ये २०२२ ला जे झालं ते समितीला जरूर सांगा, सड्यावरचे.

बेनिडॉर्म फेस्ट या त्यांच्या निवडस्पर्धेचं ते पहिलंच वर्ष. निम्मं वजन ज्युरीला. उरलेल्या निम्म्यातलं अर्धं फोन-संदेशांच्या मतांना, अर्धं लोकसंख्येचा नमुना म्हणून निवडलेल्या सामान्य श्रोत्यांच्या गटाला. कागदावर कोणालाही न्याय्य वाटेल. अंतिम फेरीत गॅलिसिया या प्रांतातल्या तीन बायका होत्या, तान्शुगेइरास. हातात डफासारखं त्यांचं पारंपरिक वाद्य, गाणं गॅलिशियन भाषेत. त्यांना फोनवरची ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली. दुसऱ्या गायिकेला, रिगोबेर्ता बांदिनीला, साधारण १८ टक्के. शानेल नावाच्या नर्तक-गायिकेला ४ टक्केसुद्धा नाहीत.

जिंकली शानेल.

कारण मतांचे गुण क्रमांकावर ठरत होते. पहिल्याला ३०, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २०. सत्तर टक्केवाल्या पहिल्या आल्या, त्यांना ३०. चार टक्क्यांच्या आतली तिसरी आली, तिला २०. एवढ्या मोठ्या दरीचे झाले फक्त दहा गुण. श्रोत्यांच्या गटातही तान्शुगेइरास पहिल्या, शानेल दुसरी, तिथे फरक पाच. ज्युरीने मात्र शानेलला ५१ आणि तान्शुगेइरासना ३० दिले. बेरीज ९६ विरुद्ध ९०. मधे रिगोबेर्ता बांदिनी ९१ वर. देशभर गदारोळ झाला, प्रश्न संसदेपर्यंत गेला. त्या बिचाऱ्या शानेलला लोकांनी इतकं छळलं की तिला ट्विटर सोडावं लागलं. तिने काय केलं होतं? ती तर फक्त उत्तम नाचली-गायली होती.

आणि पुढे ट्युरिनच्या युरोव्हिजनमध्ये तीच शानेल तिसरी आली. १९९५ नंतर स्पेनची सगळ्यात चांगली कामगिरी. म्हणजे ज्युरीचा अंदाज चुकला असंही म्हणता येत नाही. मला स्वतःला तान्शुगेइरासनी जावं असं वाटत होतं आणि आजही वाटतं. पण आपल्यासाठी त्यातला मुद्दा वेगळा आहे: टक्केवारीचे गुण कसे करणार, ते आधी ठरवा आणि कागदावर उदाहरण मांडून सगळ्या मंडळांना दाखवा. दहापैकी नऊ भांडणं तिथेच मिटतील.

सड्यावरचा

पारिजातताई, हे गणित मी पहिल्यांदाच इतकं स्वच्छ वाचलं. फलकावर लिहून नेतो.

उत्तरवारा (गोथेनबर्ग, माहेर वेंगुर्ले)

धागा बघून राहवलं नाही. मी स्वीडनमध्ये राहते, तेव्हा इथलं सांगते.

मेलोडिफेस्टिवालेन, म्हणजे स्वीडनची निवडस्पर्धा, हा इथला जवळजवळ सणच आहे. १९५९ पासून चालू आहे. फेब्रुवारी-मार्चचे सहा शनिवार, बाहेर बर्फ आणि लवकर अंधार, अशा दिवसांत अख्खं घर टीव्हीसमोर बसतं. १९७४ ला आबा (ABBA) हा प्रसिद्ध गट याच स्पर्धेतून निवडून ब्रायटनच्या युरोव्हिजनला गेला आणि जिंकला. हजारोंनी गाणी येतात, त्यातून मंचावर पोचतात ती तीसेक. २०२५ ला पाच फेऱ्यांत सहा-सहा अशी ३० होती.

तुमच्या समितीने उचलण्यासारख्या दोन गोष्टी सांगते. एक, २००२ पासून फेऱ्या सहसा एकाच शहरात होत नाहीत. दरवर्षी गावं बदलतात, शेवटची फेरी तेवढी स्टॉकहोमला. लहान गावात फेरी आली की त्या गावाला ती आपली वाटते. तुमच्याकडे आठ तालुके आहेत. सगळं कुडाळ-ओरोसलाच का? दोडामार्ग आणि वैभववाडीच्या माणसाने प्रत्येक वेळी एसटीने का यावं?

दुसरी जास्त मोलाची आहे. इथे ॲपवर फुकट मत देता येतं, त्यामुळे शाळकरी मुलांची मतं भरमसाट पडतात. त्यावर एसव्हीटीने २०१९ ला उपाय काढला. अंतिम फेरीत मतं वयोगटाप्रमाणे वेगळी मोजतात आणि प्रत्येक गटाचे गुण स्वतंत्र देतात. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांचा एक गट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांचा एक गट, दोघांचं वजन सारखं. यूट्यूबच्या लाइकमध्ये ही सोय नाही. माझ्या माहेरच्या घरात आईला भजनाची जेवढी पारख आहे तेवढी आम्हा कोणालाच नाही, आणि तिच्याकडे स्मार्टफोन नाही. तिचं मत तुम्ही कुठे मोजणार?

बांगडो_तिखलो

ताय, ह्यां माका एकदम पटला. माझ्या आवशीची पण तीच गजाल. लाइक नको. पेटी ठेवा, चिठ्ये टाका.

धामापूर (सध्या पुणे)

मी दुसरी बाजू मांडतो. जाहीर स्पर्धेचा एवढा आग्रह धरायचं कारण नाही. २०२४ ला स्वित्झर्लंडचा नेमो जिंकला, २०२५ ला बासेलला ऑस्ट्रियाचा जेजे जिंकला. दोघांनाही टीव्हीवरच्या जाहीर लढतीतून जावं लागलं नव्हतं. वाहिनीनेच निवडलं. बंद दाराआड निवड म्हणजे वशिला, हे समीकरण सोडून द्या. स्वित्झर्लंडची पद्धत वाचा. सगळ्यांकडून गाणी मागवतात. मग सामान्य श्रोत्यांचा शंभर जणांचा गट आणि वेगवेगळ्या देशांतल्या संगीतातल्या माणसांची ज्युरी ती ऐकतात, टप्प्याटप्प्याने गाळतात. तमाशा नाही, हरलेल्याची बदनामी नाही.

जाहीर लढतीत आणखी एक तोटा आहे. नामांकित माणूस उतरत नाही. हरला तर नाव जातं. आपल्याकडचे मोठे बुवा तुमच्या तालुका फेरीत नवख्या पोरांसमोर चिठ्ठ्यांसाठी उभे राहतील? मला शंका आहे.

पारिजात

धामापूर, बंद दाराचं दुसरं टोकही आहे. जर्मनीत २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये वाहिनीने कोणाला न विचारता पुढच्या वर्षासाठी झेवियर नायडूचं नाव जाहीर केलं. गायक मोठा, पण त्याच्या राजकीय वक्तव्यांवरून इतका विरोध झाला की दोन दिवसांत नाव मागे घ्यावं लागलं. मग घाईने जाहीर स्पर्धा घेतली आणि त्यातून निवडलेलं गाणं स्टॉकहोमच्या युरोव्हिजनमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलं.

आणि ब्रिटन बघा. २०२१ ला बीबीसीने आतल्या आत निवडलेला गायक शून्य गुण घेऊन परतला. ज्युरीचे शून्य, प्रेक्षकांचेही शून्य. २०२२ ला पुन्हा आतल्या आत निवड झाली आणि सॅम रायडर ४६६ गुणांनी दुसरा आला. पद्धत तीच. फरक पडला तो गाण्याने आणि गाणाऱ्याने, आणि त्याला मंचावर उभं करण्यामागे घेतलेल्या कष्टांनी.

धामापूर

अगदी हेच माझं म्हणणं आहे. पद्धतीवर महिना घालवाल आणि गाण्यावर आठवडा.

सड्यावरचा

धामापूर, गाण्याचा मुद्दा मान्य. पण आपल्याकडे पद्धतीवर वेळ दिला नाही तर पुढल्या वर्षी निम्मी मंडळं येणारच नाहीत. बीबीसीवर लोक चिडले तरी बीबीसी राहते. आमची समिती माणसांच्या भरवशावर उभी आहे.

रेवदंडेकर (रायगड)

मी सिंधुदुर्गाचा नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथली ख्रिस्ती मंडळी घरात अजूनही पोर्तुगीजमधून उतरलेली बोली बोलतात. त्या शेजारामुळे मी पोर्तुगालची निवड लक्ष देऊन बघत आलो.

त्यांचा फेस्टिवाल दा कान्साओं १९६४ पासून चालू आहे. त्याच वर्षी ते युरोव्हिजनला गेले, आणि पहिला विजय मिळायला २०१७ उजाडलं. पन्नासहून जास्त वर्षं. मधे किती वेळा ते तळाला राहिले! तरी त्यांनी ती स्पर्धा मोडीत काढली नाही. २०१७ ला साल्वादोर सोब्राल गेला. गाणं त्याच्या बहिणीने, लुईझाने लिहिलेलं. पोर्तुगीजमध्ये. नर्तक नाहीत, आगीचे लोळ नाहीत, एकटा माणूस उभा राहून हलक्या आवाजात गातोय. ज्युरीतही पहिला, प्रेक्षकांतही पहिला, ७५८ गुण.

आणि १९७४ ची गोष्ट तर माझ्या अंगावर काटा आणते. त्या वर्षी पोर्तुगालचं गाणं युरोव्हिजनमध्ये तळाच्या गाण्यांत होतं. आबा जिंकले ते हेच वर्ष. पण तीन आठवड्यांच्या आत, २४ एप्रिलच्या रात्री, तेच गाणं लिस्बनच्या रेडिओवर लावलं गेलं, आणि ती सैन्यातल्या बंडखोर अधिकाऱ्यांसाठी ठरलेली खूण होती. दुसऱ्या दिवशी जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. देशाने निवडलेलं गाणं लोकांच्या कानात आधीच बसलेलं होतं, ते लागल्याने कोणालाही संशय येणार नव्हता. म्हणून म्हणतो, मुंबईत कितवा नंबर येतो यापलीकडेही निवडीला अर्थ आहे. आठ तालुक्यांत ते गाणं वाजलं पाहिजे, मुलांच्या तोंडात बसलं पाहिजे. बंद खोलीत निवडलंत तर ते होणार नाही.

चाकरमानी_परळ (मूळ गाव वैभववाडी)

रेवदंडेकर, फार छान लिहिलंत.

मी क्रोएशियाचं सांगतो. २०२४ ची त्यांची निवडस्पर्धा, डोरा. बेबी लझान्या या नावाने गाणारा एक तरुण मुलगा, इस्त्रियातल्या उमाग या समुद्रकाठच्या गावचा. त्याचं गाणं मुळात निवडलंच गेलं नव्हतं, राखीव यादीत होतं. कोणीतरी माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली. डोरा त्याने सहज जिंकली, आणि माल्मोच्या युरोव्हिजनमध्ये प्रेक्षकांची सगळ्यात जास्त मतं, ३३७ गुण, त्यालाच. एकूणात दुसरा.

गाणं कशाबद्दल आहे माहितेय? गावात पोट भरत नाही म्हणून पोरगा गाय विकून, घरच्यांचा निरोप घेऊन शहराकडे निघालाय. वर ठेका नाचायचा आणि आत हे दुःख. मी लोकलमध्ये हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे भरून आले. माझे वडील असेच आले होते, मीही असाच आलो. आपल्या वाडीत आज दहा घरांतली सहा कुलूपबंद आहेत, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. हे गाणं कोकणातून यायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

समितीसाठी दोन विनंत्या. राखीव यादी ठेवा आणि ती मनापासून ऐका. आणि मतदान गणपतीत घ्या. तेव्हा आम्ही सगळे गावात असतो. आमचंही गाव आहे ते.

उत्तरवारा

राखीव यादीला जोरदार पाठिंबा. जिंकलेला जाईलच असं धरून चालू नका. सानरेमोत विजेत्याला युरोव्हिजनचं पहिलं आमंत्रण मिळतं, पण तो नाही म्हणू शकतो. २०२५ ला ओलीने नाही म्हटलं आणि दुसरा आलेला लुचो कोर्सी गेला. तिथे ते नियमातच असल्याने कोणाला वाईट वाटलं नाही. जर्मनीत २०१५ ला अँड्रेयास कुमर्ट जिंकला आणि थेट प्रक्षेपणातच, मंचावर उभा असताना, "मी जाणार नाही" म्हणाला. दुसरी आलेली आन सोफी गेली आणि शून्य गुण घेऊन आली. मनाची तयारी नसलेल्या माणसाला असं ढकलणं मला क्रूर वाटतं.

युक्रेनमध्ये तर २०१९ ला विजेती मारुव्ह आणि वाहिनी यांचं करारावरून फिसकटलं, पुढच्या क्रमांकाच्या कलाकारांनीही नकार दिला आणि देश त्या वर्षी गेलाच नाही. २०२२ ला विजेत्या गायिकेने माघार घेतली, दुसरा आलेला कालुश ऑर्केस्ट्रा गेला आणि जिंकून आला. अर्ज भरतानाच लिहून घ्या: निवड झाली तर मुंबईला येणार, तारखा मोकळ्या आहेत, सोबत अमुक माणसं आहेत.

कातळशिल्प (राजापूर)

एवढी चर्चा झाली, पण भाषेवर कोणीच बोललं नाही. मुंबईत परीक्षक प्रमाण मराठीवाले असणार. मालवणी गाणं गेलं तर शब्द कळणार नाहीत. मला मालवणी-संगमेश्वरी दोन्ही प्रिय आहेत, तरी मनात भीती आहे. युरोव्हिजनमध्ये आपल्याच देशाच्या भाषेत गायचं बंधन १९९९ ला उठलं आणि बहुतेक सगळे इंग्रजीकडे वळले. जिंकणारी गाणीही बहुतेक इंग्रजीच आहेत. हे डोळ्याआड करू नये.

उत्तरवारा

कातळशिल्प, तुमची भीती खरी आहे, आणि याच भीतीने स्वीडनने पंचवीसहून जास्त वर्षं एकही स्वीडिश गाणं पाठवलं नाही. २०२५ ला ते बदललं. केएजे नावाचे तिघे मित्र, तेही स्वीडनचे नाहीत, फिनलंडमधल्या व्होरो या छोट्या भागातले. तिथल्या स्वीडिशचा हेल आमच्या स्टॉकहोमच्या शेजाऱ्यांनाही चटकन कळत नाही. त्या बोलीत, बास्तू म्हणजे बाष्पस्नानगृहात बसून घाम गाळण्याबद्दलचं गाणं. समोर मोन्स सेलमेरलोव्ह, २०१५ चा युरोव्हिजन विजेता, सगळे म्हणत होते तोच जाणार. जिंकले केएजे. बासेलला चौथे आले. त्या हिवाळ्यात माझी मुलं ती बोली बोलत घरभर फिरत होती.

पारिजात

बंधन उठल्यानंतर २००७ ला सर्बियन, २०१७ ला पोर्तुगीज, २०२१ ला इटालियन, २०२२ ला युक्रेनियन गाणं जिंकलं. इंग्रजीची संख्या मोठी कारण जाणारीच बहुतेक इंग्रजी असतात.

मधला मार्ग हवा असेल तर आइसलँडचा बघा. त्यांच्या निवडीच्या उपांत्य फेऱ्यांत सगळ्यांनी आइसलँडिकमध्येच गायचं. अंतिम फेरीत मात्र युरोव्हिजनला ज्या भाषेत जायचंय त्या भाषेत. अल्बेनियात त्यांचा जुना महोत्सव, १९६२ पासूनचा, अल्बेनियनमध्येच होतो, आणि निवडून आल्यावर पुष्कळदा गाणं छाटून इंग्रजी करतात. तो मार्ग मला आवडत नाही. लोकांनी ज्या गाण्याला मत दिलं ते मग जातच नाही.

बांगडो_तिखलो

मालवणीतच जावंदे. दशावतारातलो राजा मालवणीत विनोद करूक लागलो काय मुंबयच्या नाट्यगृहात पण लोक हसान पडतत. थय कोण अर्थ इचारीत नाय. आनी चाकरमानी म्हणता तसला गाणा प्रमाण भाषेत कसा लिवतलास? आवस पोराक निरोप देताना पुस्तकातला बोलता काय?

कातळशिल्प

तिखलो दादा, हे शेवटचं वाक्य मनाला लागलं. बोलीचं बंधन घालू नका आणि बोलीला मज्जावही नको, एवढंच म्हणेन. ज्याचं गाणं त्याने ठरवावं.

गोमू (सावंतवाडी)

आमच्या गटाची एक अडचण आहे. गायिका आमच्या इथली, शब्द आमचे, पण चाल बांधलीय ती पेडण्याच्या, म्हणजे गोव्यातल्या माणसाने. पखवाजवालाही तिकडचाच. चालेल का? एका मंडळाने आत्ताच कुजबुज सुरू केलीय.

पारिजात

ईबीयूला कलाकाराचं नागरिकत्व लागत नाही. १९८८ ला स्वित्झर्लंडला जिंकून दिलं ते कॅनडाच्या सेलिन डियोनने, ब्रिटनपेक्षा एका गुणाने. १९९७ ला ब्रिटन जिंकलं ते कतरिना या अमेरिकन गायिकेमुळे. वर केएजेचं आलंच आहे. काही देश मात्र आपल्या निवडीपुरती स्वतःची अट घालतात. तुम्हीही घालू शकता, पण अर्ज मागवण्याआधी.

सड्यावरचा

गोमूताई, तेरेखोल नदीच्या अलीकडे-पलीकडे एकच सूर आहे, मला यात काही गैर वाटत नाही. गायक किंवा गीतकार यांपैकी एक जण सिंधुदुर्गाचा हवा, अशी अट मी सुचवणार आहे.

बैठकीसाठी कच्चा मसुदा असा करतोय, त्यावर बोला. फेऱ्या चार ठिकाणी, दोन-दोन तालुक्यांची मिळून एक. त्या गणपतीच्या आधी घ्याव्या लागतील आणि अंतिम फेरी गणपतीत, चाकरमानी असताना. फेऱ्यांत चिठ्ठ्या, तीन रंगांच्या: पंचविशीच्या आतले, मधले आणि साठीच्या पुढचे. प्रत्येक रंग वेगळा मोजायचा आणि गुण टक्क्यांच्या प्रमाणात द्यायचे, क्रमांकाने नाहीत. स्पेनचं उदाहरण याच जागी सांगणार. अंतिम फेरीत लोकांचं वजन ७० आणि परीक्षकांचं ३०. परीक्षक जिल्ह्याबाहेरचे, कारण मुंबईत ऐकणारे कान बाहेरचेच आहेत. शक्यतो एक रायगड किंवा रत्नागिरीचा, एक देशावरचा. त्यांनी आपापले गुण बंद पाकिटात आधीच द्यायचे, म्हणजे टाळ्यांचा परिणाम होणार नाही. दोन गाणी राखीव. अर्जातच येण्याची हमी.

धामापूर, मोठ्या बुवांचा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही.

धामापूर

त्यांना स्पर्धक करू नका. निवडलेल्या गाण्यावर निवड ते मुंबई या काळात काम करायला बोलवा. सॅम रायडरच्या वर्षी बीबीसीने एका संगीत व्यवस्थापन कंपनीला सोबत घेतलं होतं. निवड झाली की काम संपलं असं धरू नका. तीन-चार मिनिटांत गाणं बसवणं, श्वास कुठे घ्यायचा, मंचावर नजर कुठे, हे शिकवायला आपल्या बुवांसारखी माणसं मिळणार नाहीत. त्यात त्यांचा मानही राहतो. एक-दोघांशी माझी ओळख आहे, मी शब्द टाकतो.

चाकरमानी_परळ

७०-३० मंजूर. फक्त चिठ्ठी प्रत्येकाला एकच, आणि तीही सगळी गाणी ऐकून झाल्यावर दाराशी द्या. नाहीतर प्रत्येक मंडळ आपली माणसं आणून, मत टाकून, टेम्पोने परत नेईल.

उत्तरवारा

हे फार महत्त्वाचं आहे. आणि शक्य असेल तर प्रत्येक चिठ्ठीवर दोन नावं लिहायला सांगा, पहिली पसंती आणि दुसरी. आपल्या वाडीचं गाणं सोडून दुसरं कोणतं आवडलं, ते त्यातून कळेल. मुंबईत तेच उपयोगी पडणार आहे.

सड्यावरचा

दोन पसंतींची कल्पना मी मसुद्यात घालतोय. दुसऱ्या पसंतीला निम्मं वजन धरू. ताई, मोजायला वेळ लागेल पण रात्र आपलीच आहे.

बांगडो_तिखलो

देवगड-कणकवलीची फेरी आमच्या देवळाच्या सभामंडपात लावा. मानकऱ्यांक मी इचारून ठेवतंय. माइक दोन आसत, मृदुंगाक येक वेगळो लागतलो तो मंडळान आणूचो. पावसाचे दिस, लाइट गेली तर जनरेटर माझ्या भावाकडे आसा. चिठ्येची पेटी ग्रामपंचायतीकडून मिळात, पण कुलपाची चावी दोघांकडे ठेवा, येक हयल्याकडे आनी येक भायल्याकडे.